तांदळात लिहिलेली आक्काताई

आधी हौसामावशीचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. काय झालं, कुणी केलं, किती वाजता केलं हे सांगायची मला आता सवय झाली आहे. टेबलापलीकडं बसलेल्या गंभीर माणसांसमोर मी ते इतक्यांदा सांगितलंय की कुठल्या वाक्याला थांबून पाण्याचा घोट घ्यायचा तेही ठरून गेलंय. पण त्या खोल्यांतून कुणी विचारत नाही, की बाई, तू हे सांगायला शिकलीस कुठं? सहावीत शाळा सुटलेली तू, ही बोलायची हिंमत आली कुठून? विचारलं तर उत्तर तयार आहे. कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, चटणीच्या डंकावर, हौसामावशीच्या हाताखाली. दुभाष्याला घाम फुटेल म्हणून विचारत नाहीत तेच बरं.

माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, ज्यांना मी काकाबाबू म्हणायची, बांगलादेशाच्या लढाईच्या कितीतरी वर्षं आधीपासून कोल्हापुरात गुजरीत सोन्याचं बारीक काम करत होते. सरहद्दीवरच्या निर्वासितांच्या छावणीत मी एकटीच उरले आहे हे त्यांना कळलं, तेव्हा ते आगगाड्या बदलत तिथवर आले, मला शोधलं, आणि शोधल्यावर लगेच घाबरले. कारण ते राहायचे एका खोलीत सात कारागिरांबरोबर, आणि मी चौदा वर्षांची मुलगी. परतीच्या सगळ्या प्रवासात त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले, "जेवलीस?" आणि "झोपलीस?" कोल्हापुरात पोचल्यावर मला दुकानाच्या फळीवर बसवून ते विचार करत उभे होते, तेवढ्यात नथीचा फासा नीट करून घ्यायला एक उंच, दणकट बाई आली. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते. मला वाटलं रक्त आहे. मी फळीवरून उठले आणि काकाबाबूंच्या मागं लपले.

"ही कोण वो पावणं?" तिनं विचारलं.

"पुतणी. तिकडची."

"तिकडची म्हंजे?"

काकाबाबूंनी पूर्वेकडं कुठंतरी हात केला.

"आई-बा?"

काकाबाबूंनी हात खाली घेतला. बाईनं माझ्याकडं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "माझ्याकडं राहूंदे की मग. डंकावर माणूस पायजेच हाय. आणि भात खानारी दिसतीया. माझं म्हायेर चंदगडचं. पावसातल्या मानसाला भाकरी लगीच न्हाय उतरत." एवढ्या बोलण्यात माझं राहणं, खाणं आणि पुढचं सगळं आयुष्य ठरून गेलं. नथ दुरुस्त व्हायला मात्र आणखी आठ दिवस लागले.

डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. ओळीनं चार दगडी उखळं, वर चार लोखंडी मुसळं. मोटारीचा पट्टा फिरला की मुसळं आळीपाळीनं वर जायची आणि धाडकन खाली यायची. हौसामावशीचं घर म्हणजे मागं दोन खोल्या, पुढं डंकाची पत्र्याची शेड आणि मधे अंगण, त्यात भर उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या. मार्गशीर्ष-पौषात काम तुरळक असे, पण शिमगा झाला की सगळी पेठ मिरच्यांची पोती, खोबरं, धणे, तीळ, लसणाच्या माळा घेऊन दारात उभी राहायची. वर्षाची चटणी ही कोल्हापुरात लग्नाइतकी गंभीर गोष्ट. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक घराला दुसऱ्याचं प्रमाण चुकीचं वाटत असे. मिरच्या तेलावर भाजायला घेतल्या की शेडमधे, अंगणात आणि गल्लीच्या टोकापर्यंत सगळे शिंकत. सायकलवरून जाणारे लोक शिंकतच "काय हौसाबाई, सुरू झालं व्हय?" म्हणून जात.

चटणीची आणि माझी पहिली भेट अशी झाली. आमच्या बंगालात चटणी म्हणजे जेवणाच्या शेवटी येणारा गोड पदार्थ. मावशीनं ताटात वाढलेला लालभडक ढीग मी शेवटासाठी राखून ठेवला आणि मग एकदम तोंडात टाकला. मावशीचे यजमान दत्तोबाअण्णा, एकेकाळचे पैलवान, माझ्यासमोर जेवत होते. ते ताटावरून उडी मारून उठले. "पाणी नगं! गूळ द्या तिला, गूळ!" मी गूळ खाल्ला. अण्णा हात धुऊन थेट तालमीत गेले आणि सांगून आले की आमच्या बंगाली पोरीनं मूठभर चटणी खाल्ली आणि डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाय. खरं म्हणजे मला आवाजच फुटत नव्हता. पण त्यावरून पेठेत माझी जी इज्जत झाली, ती नंतर मिळालेल्या कुठल्याही मानपत्रानं झालेली नाही.

भाषा मी डंकावरच शिकले, म्हणजे पोती आणणाऱ्या बायकांकडून. कोल्हापूरच्या बायका स्वतःविषयी बोलताना पुरुषासारखं बोलतात, "मी आलो", "मी जेवलो". मीही तसंच शिकले आणि मला त्यात सुरक्षित वाटे. शाळेत शिकवणाऱ्या कुलकर्णीबाई चटणी न्यायला आल्या की हळूच दुरुस्त करायच्या, "आले म्हणावं गं, मिनू. आले." मावशी आतून ओरडायची, "आली की ती, कवाच आली! तुमी बी या, बसा!"

पण मला त्या दिवसांत एका गोष्टीची धास्ती होती, आणि ती कुणाला सांगता येत नव्हती. आमच्या गावात त्या सकाळी जे झालं ते मी दुसऱ्या पुस्तकात लिहिलंय. इथं एवढंच, की लष्कराची बोट घाटाला लागली तेव्हा मी तळ्यातल्या जलपर्णीत गळ्यापर्यंत पाण्यात उभी होते, आणि दुपारी बाहेर आले तेव्हा आमच्या वस्तीतली चाळीस माणसं मारली गेली होती. घरं जळली, पोस्टातली कागदपत्रं जळली. त्या चाळीस जणांची नावं आता फक्त माझ्या डोक्यात होती. काकाबाबूंनाही त्यातली बरीच माहीत असणार, पण गाव सोडून त्यांना वर्षं झाली होती, आणि त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नावं काढायची नाहीत." त्यांची स्वतःची आई त्या चाळिसात होती. दर रविवारी ते मावशीकडं यायचे, चहा घ्यायचे, "जेवलीस?" विचारायचे आणि जायचे.

म्हणून मी नावं डंकावर म्हणायची. चार मुसळांच्या धडधडाटात माणूस बोंबलला तरी शेजारच्याला ऐकू जात नसे. चाळण हातात घेऊन मी रोज सकाळी घाटापासून सुरुवात करायची आणि घरोघर जात देवळापाशी संपवायची. मोठ्यानं, स्पष्ट, हजेरी घेतल्यासारखं. माझी अशी पक्की समजूत होती की डोक्यात ठरावीकच खुंट्या असतात. नवं नाव टांगायचं तर जुनं खाली पडणार. त्यामुळं मी कोल्हापुरात कुणाचंही नाव शिकायचं नाही असं ठरवलं. मावशी, अण्णा आणि कुलकर्णीबाई ही तीन नकळत शिकले, त्याला इलाज नव्हता. बाकी सगळ्यांना मी त्यांच्या मिरचीवरून ओळखायची. "पाच किलो ब्याडगी आल्या." "संकेश्वरी-खोबरं-जास्त यांचा डबा राहिला." गल्लीच्या कोपऱ्यावर म्हशींचा गोठा असलेली एक बाई होती, तिचा तोंडाचा पट्टा डंकाच्या पट्ट्यापेक्षा जोरात चालायचा. तिला मी "दोन किलो लवंगी" म्हणायची.

"अगं मला नाव हाय की!" ती एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सा म्हयनं झालं तुला हितं येऊन. काय नाव माझं? सांग!"

"दोन किलो लवंगी," मी म्हणाले.

"गंगू! गंगूताई! म्हन!"

तिनं माझ्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं. शेडमधल्या बायका हसून लोळल्या, आणि त्या दिवसापासून सगळी गल्ली तिला लवंगी म्हणायला लागली. तिला ते मनातून आवडलं असावं. मला मात्र घाम फुटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाळण घेऊन उभी राहिले, घाटापासून निघाले, नावाड्याचं घर, पोस्टमास्तरांचं घर, आमचं घर, आणि कुंभाराच्या घरापाशी येऊन थांबले. कुंभार आठवला, त्याची बायको आठवली, धाकटी सून आठवली. थोरल्या सुनेचं नाव नव्हतं. चेहरा होता, कपाळावरचा माराचा व्रण होता, मडकी थापताना कोपराला लागलेला चिखल होता. नाव नव्हतं.

माझ्या हातातून चाळण पडली. मिरचीचा लोट उडाला, डोळे गेले, सगळी शेड शिंकायला लागली. मला वाटलं, गंगूताईनं खाल्लं. मग वाटलं, नाही, मीच खाल्लं. आदल्या दिवशी मी तांबडा रस्सा तीन वाट्या प्यायले होते आणि अण्णांनी फुटबॉलच्या पंचाची नक्कल केली तेव्हा पोट धरून हसले होते. म्हटलं, बघ, हसलीस, आणि एक माणूस गेलं. पुढचे तीन दिवस मी गंगूताईचं नाव विसरायचा मनापासून प्रयत्न केला. पाहणाऱ्याला कळलं नसतं, पण असं काम कुणी करून बघावं. माणूस त्या नावाशिवाय दुसरा विचारच करू शकत नाही. मी जेवणही कमी केलं. मावशी बघत होती. ताटात भात वाढून माझ्यासमोर बसून राहायची.

आता वय झाल्यावर मला त्या पोरीचं हसू येतं, आणि हसू आल्याबरोबर अजूनही पाठीवर काटा येतो. आजही प्रवासाला निघण्याआधी मी यादीची तिसरी प्रत कुठं ठेवली ते दोनदा तपासते.

चाळण पडल्यावर पाचच दिवसांनी मावशीचं चैत्रातलं हळदीकुंकू होतं. ऐन हंगामात एक दुपार डंक बंद. शेड झाडून, पाणी मारून, चारी उखळांना हळदकुंकू वाहून सतरंज्या अंथरल्या होत्या. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. अण्णांना दाराबाहेर बाकावर बसवलं होतं, पुरुष आत येऊ नयेत म्हणून. ते तालमीतली शिट्टी गळ्यात अडकवून पंचासारखे बसले होते. वीस-पंचवीस बायका आल्या, आणि पन्हं पोटात गेल्यावर उखाणे सुरू झाले.

मी उखाणे त्याआधी ऐकले नव्हते. मी कोपऱ्यात उभी राहून नीट पाहात होते आणि माझ्या परीनं त्याचे नियम लावत होते. एरवी ज्या माणसाचं नाव तोंडातून काढायचं नाही, ते नाव बाई इथं सगळ्यांसमोर उभी राहून घेते. आधी आढेवेढे घेते. बाकीच्या आग्रह करतात. मग ती घेते, आणि सगळ्या हसतात, कुणी तिच्या हातावर साखर ठेवतं. मावशी उठली आणि तिनं छाती काढून घेतलं:

"उखळात मिरची, मिरचीवर मीठ,
दत्तोबारावांना म्हनतो, घरी यावा नीट."

बाहेरून अण्णांनी शिट्टी वाजवली. गंगूताईनं घेतलं:

"म्हशीला पेंड, रेडकाला वैरन,
शंकररावांच्या घोरन्यानं गल्ली सारी हैरान."

आणि मग ती माझ्याकडं वळली. "आता बंगालनीचं! घे की गं नाव!"

"लग्न कुठं झालंय तिचं?" कुलकर्णीबाई म्हणाल्या.

"मग काय झालं? हुईल की. घे गं, कुनाचं बी घे!"

कुणाचंही घे.  म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. ह्या गावात, ह्या एका दुपारी, मना केलेली नावं घ्यायची परवानगी असते. मी पदर नसलेल्या फ्रॉकवर हात पुसले, मधे जाऊन उभी राहिले आणि घाटापासून सुरुवात केली. "नगेन. त्याची बायको सरला. बादल."

"बया!" गंगूताई ओरडली. "एकदम दोन? आमाला एक निभंना, आनि हिनं किती नवरं केलं बघा!"

शेड हसून कोसळली. मला धीर आला. हसणं हा त्या विधीचाच भाग आहे असं मी धरून चालले होते. मी आवाज चढवला. "पोस्टमास्तर अबनीबाबू. निस्तारिणी आजी. निर्मला, माझी आई. हरेन, माझे बाबा. खोका, माझा भाऊ, चार वर्षांचा."

मोटारीवरचा पट्टा निसटला की डंक एकदम थांबत नाही. मुसळं एकेक करून, पडत पडत थांबतात. तसं ते हसणं थांबलं. कोपऱ्यातली एक म्हातारी थोडी उशिरानं थांबली. मी पुढं जात राहिले, कारण अर्ध्यात थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं हा माझा नियम होता. कुंभाराच्या घरापाशी आले आणि अडले. "थोरली सून," मी म्हणाले. "थोरली सून..." आणि तिथंच उभी राहिले.

"हितंच थांबलीस मंगळवारी," मावशी म्हणाली.

मी तिच्याकडं बघतच राहिले.

"बगतीस काय? वीस वरसं डंकावर काडली मी. ह्या आवाजात कानाचा उपेग न्हाय, मी व्हटं वाचतो. रोज सकाळी तू तीच यादी म्हनतीस. मला वाटलं, तुमच्या देवाचं काय असंल. मंगळवारी मधीच थांबलीस आनि चाळन टाकलीस. देवाचं न्हवं व्हय गं हे?"

"माणसं," मी म्हणाले. "आमची. मारलेली."

गंगूताई उठून उभी राहिली. तिचा चेहरा तिच्याच मिरचीसारखा झाला होता. "मी नवरं म्हनालो. झडू दे माझी जीब."

"जीब झडवून काय करतीस," मावशी म्हणाली. "कामाला लाव ती. इचार तिला, नगेन कोन."

गंगूताई माझ्याजवळ आली. "काय करायचा गं नगेन?"

"होडी चालवायचा. गाणी म्हणायचा." मला मराठीत शब्द सापडेना. "वाईट. फार वाईट गाणी."

"आवाज वंगाळ?"

"हो."

गंगूताईनं डोळे पुसले, वर पत्र्याकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडाला जी सवय होती तिनंच ते केलं असावं:

"पाण्यावर होडी, होडीत पाणी,
नगेन नावाड्याची बेसूर गाणी."

कुणी हसावं की नाही ते कुणालाच कळेना. मला हसू आलं. नगेन तसाच होता. मी हसले म्हणून त्याही हसल्या, आणि त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. कोण काय करायचं, कुणाला काय आवडायचं, कोण कुणाशी भांडायचं, एकेक करून माझ्याकडून काढून घ्यायला लागल्या. कोल्हापूरची बाई चौकशीला बसली की पोलिसानं वही बंद करावी. कुलकर्णीबाईंनी अबनीबाबूंना घेतलं: "पत्रावर तिकीट, तिकिटावर शाई, पोस्टमास्तर अबनीबाबूंना जेवायची घाई." आईबाबांना मात्र मी यमकाशिवायच ठेवलं. त्यांचं यमक कुणी मागितलंही नाही. मावशीनं नुसती माझ्या हातावर साखर ठेवली, आणि खोकाची वेगळी चिमूट ठेवली.

निस्तारिणी आजीची पाळी आली. पान चघळायची, मी सांगितलं, आणि दात नव्हते. मावशी म्हणाली:

"पानाला चुना, चुन्यावर कात,
निस्तारिनी आजीला उरला एकच दात."

"दोन," दारातून आवाज आला. "दोन होते."

काकाबाबू उभे होते. त्या दिवशी रविवार होता हे सगळ्यांच्या ध्यानातून गेलं होतं. त्यांच्यामागं अण्णा शिट्टी हातात धरून ओशाळले होते. "पावन्याला म्हनलं आत बायका हैत, तर त्यो ऐकंना," ते म्हणाले. निस्तारिणी आजी म्हणजे काकाबाबूंची आई. मला वाटलं, आता माझं राहणं संपलं. ते मला इथून घेऊन जाणार. काकाबाबूंनी दोन बोटं वर धरली होती. "एक वर, एक खाली," ते म्हणाले. "एकमेकांना भेटायचे नाहीत. आई त्यांना नवरा-बायको म्हणायची."

मग ते उंबऱ्यावरच बसले आणि दोन्ही तळहातांत तोंड घेऊन हसले, किंवा दुसरं काहीतरी. त्यांना कुणी त्रास दिला नाही. गंगूताईनं पन्ह्याचा पेला त्यांच्या शेजारी ठेवला. बऱ्याच वेळानं मी त्यांना आमच्या भाषेत विचारलं, कुंभाराच्या थोरल्या सुनेचं नाव काय होतं. त्यांनी खूप आठवून पाहिलं. "बोडो बौ," ते म्हणाले, म्हणजे थोरली सून. "तिला सगळे तेच म्हणायचे. नाव कधी ऐकलंच नाही." तेव्हा मला कळलं की माझ्या खुंटीवरून काही पडलं नव्हतं. तिथं कधी काही टांगलेलंच नव्हतं. इतके दिवस मीही तिच्या जागी 'बोडो बौ' म्हणून पुढं जात होते, आणि धास्तीनं एकेक नाव तपासायला लागले तेव्हा कुठं ते नाव नव्हे हे जाणवलं होतं. लग्न होऊन ती आमच्या गावात आली आणि तिचं नाव माहेरी राहिलं. हे कळून मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी हुंदके द्यायला लागले. कारण आता ते कधीच मिळणार नव्हतं.

"न्हाय नाव, तर रडतीस कशाला?" मावशी म्हणाली. "सुनंचं नाव सासरीच ठेवत्यात की. तिच्या सासरची तुमी दोघं बसलाय न्हवं हितं? ठेवूया."

तिनं चंदगडहून आलेल्या तांदळाचं पोतं सोडलं आणि ताटात तांदूळ पसरले. लग्नात नवरा अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो, तसं लिहायचं ठरलं. मग नाव कोणतं यावर जे भांडण जुंपलं ते मी जन्मभर विसरणार नाही. एकीनं ताराबाई सुचवलं. मी म्हणाले, आमच्या वस्तीत एक तारा आहे. "मग काय बिघडलं? आमच्या गल्लीत सात हैत!" दुसरीला लक्ष्मी हवं होतं, तिसरी म्हणाली लक्ष्मी नको, माझी जाऊ लक्ष्मी आहे आणि ती कशी आहे ते सगळ्यांना माहीत आहे. शेवटी मावशीनं ताटावर हात आपटला. "थोरली व्हती न्हवं? घरातली थोरली म्हंजे आक्का. आक्काताई. झालं."

अंगठी काकाबाबूंनी दिली. दिवसभर दुसऱ्यांचं सोनं घडवणाऱ्या त्यांच्या बोटात तांब्याचं वेढणं होतं. मावशीला लिहिता येत नव्हतं, तिनं वेढणं माझ्या हातात ठेवलं. मी तोपर्यंत मराठीत एक अक्षर लिहिलं नव्हतं. कुलकर्णीबाईंनी मागून माझा हात धरला आणि आम्ही तांदळात लिहिलं, आक्काताई. गंगूताईनं त्यावर हळदकुंकू वाहिलं. बाहेरून अण्णांनी एकदा हळूच शिट्टी वाजवली.

संध्याकाळी कुलकर्णीबाईंनी शाळेची एक अर्धी कोरी वही आणून दिली. मावशी म्हणाली, "डोस्क्यातनं काड आनि हितं ठेव. आनि उद्यापास्नं आमची नावं शिक." मी चाळीस नावं लिहिली, प्रत्येकापुढं एकेक ओळ, कुणाचं गाणं, कुणाचे दात. माझं पहिलं लिखाण ते. पुढं ज्या यादीसाठी मला देशोदेशी बोलावलं गेलं, ती मुळात चटणीचे डाग पडलेली ती वही. पेठेतली पंचवीस नावं मी एका दिवसात शिकले. खुंट्या पुरून उरल्या.

काही वर्षांपूर्वी तिकडच्या एका तरुण अभ्यासकाचं मला मोठं काळजीचं पत्र आलं. यादी त्यानं घरोघर तपासली होती, आणि त्याला एकच नाव उलगडत नव्हतं. ही आक्काताई कोण? आमच्या भागात असं नाव होत नाही. मी पुराव्याच्या बाबतीत फार कडक बाई आहे, एका तारखेवरून मी वकिलांशी भांडले आहे. मी त्याला सगळं कळवलं, आणि नावाखाली तळटीप द्यायला सांगितलं: मूळ नाव अज्ञात, हे नाव कोल्हापूरच्या बायकांनी ठेवलं. त्यानं विचारलं, मग काढून टाकू का? मी लिहिलं, हात लावून बघ, शिवाजी पेठ तुला शोधत येईल.

मी आता जिथं राहते तिथं वर्षातले सहा महिने बर्फ असतो. हौसामावशी नव्वदीला टेकली आहे. डंक सून चालवते. फोनवर मावशीला माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि ओठ दिसत नाहीत म्हणून ती चिडते. मागच्या खेपेला म्हणाली, "एवड्या मेलेल्यांची नावं घेतलीस. माझं कवा घेतीस? मी मेल्यावर घेऊन काय उपेग? मला ऐकाया यायचं न्हाय." मी हसून टाळलं. खरं असं की मी तिचा उखाणा किती वर्षं करते आहे. मीठ, पीठ, डंक, चंदगड, सगळी यमकं जुळवून झाली आणि सगळी फाडून टाकली. तिच्या मापाचं एकही उतरत नाही, आणि उशीर होईल या भीतीनं हात आणखीनच अडतो. पण मावशी, हे इथं लिहून देते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. येत्या चैत्रात मी येते. तू डंक बंद कर, गंगूताईला हाक मार. मी मधे उभी राहीन, तुला ओठ दिसतील अशी समोर, आणि तुझं नाव घेईन. यमक जुळो न जुळो.